सण का करायचा? मुलांना सांगताना सोलापूरच्या पालकांना पडणारे प्रश्न

मी सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते आणि रविवारी सकाळी गल्लीतल्या मुलांचा गोष्टींचा वर्ग घेते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं तिथे एकाच सतरंजीवर बसतात. सण तोंडावर आला की पालकांचे फोन सुरू होतात, आणि प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. तुमचा प्रश्न शोधून तेवढंच उत्तर वाचलं तरी चालेल.

१. सणाचा अर्थ मुलांना कोणत्या वयापासून सांगायचा?

तीन-चार वर्षांच्या मुलाला अर्थ सांगू नका, काम द्या. भोगीच्या आदल्या संध्याकाळी हरभऱ्याचे घाटे सोलायला बसवा. बाजरीच्या भाकरीवर तीळ त्याच्या हाताने लावू द्या. तीळ निम्मे खाली सांडतील, सांडू देत. पाच ते नऊ या वयात गोष्ट लागते, आणि तीच गोष्ट दहादा लागते. दहाव्या वर्षाच्या आसपास "पण का?" सुरू होतं. त्याला उद्धटपणा समजू नका, ते मूल आता अर्थाकडे वळलंय.

आपल्याकडे बहुतेक घरांत उलटं होतं. लहानपणी "लांब हो, हात लावू नको" म्हणून स्वयंपाकघरातून आणि देवघरातून हाकलायचं, आणि आठवीत गेल्यावर "याला कशाचं काहीच वाटत नाही" म्हणून तक्रार करायची.

२. मलाच सणामागचं कारण धड माहीत नाही. मुलाने विचारलं तर काय सांगू?

"मलाही माहीत नाही, आजीला विचारू" हे पूर्ण उत्तर आहे. फक्त मग खरंच आजीला फोन लावा.

मी वर्गात तीन शब्द वापरते: गोष्ट, रीत आणि इतिहास. सावित्रीने यमाकडून सत्यवानाचे प्राण परत आणले, ही गोष्ट. वडाला सूत गुंडाळायचं, ही रीत. लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं, हा इतिहास. आपल्या शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती त्याच्याही आधी, १८८५ पासून बसतो, हे जुने सोलापूरकर अभिमानाने सांगतात. तेही मुलांना जरूर सांगा, त्यांना गणपतीचं वय मोजायला फार आवडतं.

या तिन्हींत लहान-मोठं काही नाही. पण सांगताना त्यांची सरमिसळ केली, तर पुढे कधीतरी मुलाला वाटतं की आपल्याला फसवलं. दुसरीतलं पोरही "बाई, ही गोष्ट का इतिहास?" असं बरोबर विचारतं आणि उत्तर ऐकून गोष्टीत तितकंच रमतं.

३. प्रत्येक प्रथेमागे शास्त्रीय कारण असतं ना? तेच सांगितलं तर मुलांना पटकन पटेल.

जिथे संबंध खराच आहे तिथे जरूर सांगा. भोगीच्या भाजीत गाजर, वांगी, हरभरा, पावटा पडतात, कारण त्या दिवसांत शेतात तेच असतं. तीळ आणि बाजरी थंडीत खायची रीतही ऋतूला धरून आहे.

पण फोनवर फिरणारे "घंटेच्या आवाजाने जंतू मरतात" छापाचे निरोप मुलांच्या गळी उतरवू नका. मूल पुढे विज्ञान शिकतं, हे खोटं होतं हे त्याला कळतं, आणि मग आपण सांगितलेलं खरंही ते मानत नाही. घंटा वाजवताना आजोबांचे डोळे मिटतात, आजूबाजूचा गलका दोन क्षण थांबतो. एवढं कारण पुरेसं आहे.

४. दिवाळी दर वर्षी वेगळ्या तारखेला, संक्रांत मात्र १४-१५ जानेवारीलाच. असं का?

दिवाळी, गणपती, दसरा चंद्राच्या तिथीवर चालतात. चंद्राची बारा महिन्यांची फेरी साधारण ३५४ दिवसांत पुरी होते, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस आधी. हा फरक साठत जाऊ नये म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना येतो. म्हणून दिवाळी मागे-पुढे होते, पण उन्हाळ्यात कधी जात नाही. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो. त्यामुळे ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते.

संक्रांत सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत जातो तो दिवस, म्हणून तारीख जवळपास कायम. जवळपास, कारण तीही साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. दिवस मोठा व्हायला सुरुवात मात्र २१-२२ डिसेंबरलाच झालेली असते. हे मोठ्या मुलांना सांगा आणि डिसेंबरपासून गच्चीवर काठीची सावली रोज दुपारी मोजायला लावा.

वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, "आम्हाला ईदला चंद्र दिसतो, तुम्हाला संक्रांतीला काय दिसतं?" त्यावरूनच हा सावलीचा खेळ सुरू झाला.

५. आमच्या मुलांसाठी गड्डा (सिद्धेश्वर यात्रेची जत्रा) म्हणजे आकाशपाळणा आणि खेळणी. यात्रेचा अर्थ कसा समजावू?

पाळण्यात बसवाच. गड्ड्याला जाऊन पाळण्यात न बसलेलं सोलापुरी पोर मला दाखवा. पण मैदानावर नेण्याआधी एकदा सिद्धेश्वर तळ्यावर न्या, गर्दी नसताना, सकाळी.

तिथून सुरुवात करा: सिद्धरामेश्वर, म्हणजेच आपले सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी. या गावाचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. त्यांनी कन्नडमध्ये वचनं लिहिली, आणि लोकांना सोबत घेऊन हे तळं खोदलं असं सोलापूर मानतं. दुष्काळी मुलखातला देवमाणूस आधी पाण्याचं काम करतो, हे मुलांना लगेच उमगतं. आजही नळाला पाणी रोज येत नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग यात्रेचे दिवस क्रमाने सांगा. पहिल्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात आणि शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. इथे मुलांना काम द्या: आपल्या घराजवळचं लिंग कोणतं, ते शोधून काढा. रोज शाळेला जाताना ज्याच्यावरून पुढे जातो ते छोटंसं देऊळ त्या ६८ पैकी एक निघालं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, सात नंदीध्वज आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणताच सगळीकडून पडणाऱ्या अक्षता. हे लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी आहे. कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली, ते शिवयोगी असल्याने त्यांनी नकार दिला आणि योगदंडाशी लग्न करायला परवानगी दिली, अशी कथा. नंदीध्वज हे त्याच योगदंडाचं रूप. पुढे होम मैदानावर होम, त्यानंतर वासराची भाकणूक (पुढचं वर्ष कसं जाईल याचं भाकीत), मग शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवणं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाकडे मुलांना नीट बघू द्या. एवढी उंच, जड काठी एकटा माणूस तोल सावरत पेलतो, आणि तो थकायच्या आत दुसरा खांदा द्यायला पुढे होतो. मानाचे सात ध्वज वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. यात्रा कशासाठी हे विचारलं तर मी आधी ते दाखवते.

आणि १२ जानेवारी विसरू नका. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. यात्रेच्या तोंडावर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार का घालतात, हे मुलांना माहीत असायला हवं. हा सण नाही, हा इतिहास आहे (प्रश्न २ पाहा).

६. होम पाहून मुलगी विचारते, "ती कुंभारकन्या खरंच आगीत गेली?" मी निरुत्तर झाले.

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि जवळजवळ नेहमी मुलींकडून येतो. त्यांना टाळू नका.

लहान मुलीला सांगा: लग्नानंतर कुंभारकन्या अग्नीत गेली, ही खूप जुनी कथा आहे. होमात कुणी माणूस नसतो, तिचं प्रतीक असतं. त्याला सौभाग्यलेणं चढवून अग्नी देतात. यामुळे भीती जाते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलीला आधी तेवढंच हवं असतं.

दहा-बारा वर्षांच्या मुलीला पुढचंही सांगा. एके काळी आपल्या देशात सतीची प्रथा होती. तिने खऱ्या बायकांचे जीव गेले. १८२९ साली बंगाल प्रांतात आणि पुढे इतरत्र कायद्याने ती बंद झाली, आणि ती बंद झाली हे योग्यच झालं. हे सांगितल्याने सिद्धेश्वरांवरची भक्ती कमी होत नाही. मी स्वतः दर वर्षी अक्षता टाकायला जाते आणि वर्गातल्या मुलींना हेही सांगते. "मग ती चांगली होती का चुकली?" असं एकीने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "तिची माया खरी होती. पण मायेसाठी कुणी स्वतःला जाळून घ्यायचं नसतं." ती मुलगी घरी जाऊन आईला तेच सांगून आली.

७. आमच्या गावी बैलांचा सण कारहुणवीला, पुस्तकात पोळा श्रावणात. खरा कोणता?

दोन्ही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी, पश्चिम महाराष्ट्रात बेंदूर, इतरत्र श्रावणी अमावास्येचा पोळा. पाऊस आणि पेरणी जिथे जशी, तसा बैलाच्या विश्रांतीचा दिवस ठरला. वेळ अमावास्येचंही तसंच. ज्याला आपण येळवस म्हणतो, तो दिवस पुण्याच्या भावंडांना माहीतच नसतो. मुलाला वाईट वाटू देऊ नका, उलट त्या भावंडांना मार्गशीर्ष अमावास्येला शेतावर बोलवा. भज्जी, उंडे आणि आंबील खाल्ली की समजावून सांगायला फार काही उरत नाही.

८. आम्ही घरी तेलुगू बोलतो. शाळेत राखी शिकवतात, घरी नूल पुन्नम असते. मुलगा गोंधळतो.

गोंधळ दिवसाचा नाही, नावाचा आहे. श्रावण पौर्णिमा एकच. कोळीवाड्यात ती नारळी, बहिणीच्या हातात राखी आणि पद्मशाली घरात सुताची पौर्णिमा. मार्कंडेय महामुनींचा रथ त्याच दिवशी पूर्व भागातून निघतो. ज्या समाजाने मागावर पिढ्या घालवल्या त्याने सुताचा दिवस पाळावा, यापेक्षा सरळ अर्थ कुठे सापडणार? मुलाच्या हातात कारखान्यातली एक कांडी द्या आणि त्या सुताचाच धागा मनगटाला बांधा.

घरची गोष्ट घरच्याच भाषेत सांगा. बतुकम्माची (तेलुगू घरांतल्या फुलांच्या सणाची) गाणी मराठीत आणून सांगायचा खटाटोप करू नका.

९. एकाच दिवसाचे दोन-दोन अर्थ कसे सांगायचे?

जसे आहेत तसे. दसऱ्याला काही घरी आपट्याची पानं वाटतात. १९५६ साली १४ ऑक्टोबरला, त्या वर्षीच्या दसऱ्याच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, म्हणून शेजारच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. दिवाळीत जैन घरी महावीरांचं निर्वाण स्मरतात. अक्षय्य तृतीयेला आंबा घरात येतो आणि त्याच दिवशी बसव जयंतीची मिरवणूक असते. "आपला अर्थ खरा, त्यांचा नंतरचा" असं बोललात की मूल पटकन उचलतं आणि शाळेत जाऊन बोलून मोकळं होतं. मग मधल्या सुट्टीतली भांडणं आम्हा शिक्षकांना निस्तरावी लागतात.

१०. शेजाऱ्यांच्या सणाला मुलाला पाठवावं का? आधी काय सांगावं?

पाठवाच. जाताना एक ओळ सांगा: "ते महिनाभर रोजे धरून होते, आज ईद आहे." बाकीचं त्या घरच्या माणसांना विचारू दे. शिरखुर्मा वाढताना त्या घरची खाला जे सांगेल, ते तुमच्या माहितीपेक्षा जिवंत असेल. रमजानात विजापूर वेशीच्या बाजारातही एकदा फिरवून आणा.

तुम्ही काही पदार्थ खात नसाल, तर "आम्ही हे खात नाही, शेवया चालतील" हे नाक न मुरडता म्हणायची घरी तालीम करून घ्या. लाजून गप्प बसलेलं मूल यजमानांना जास्त अवघड जातं.

११. सगळ्याच सणांना शुभेच्छा द्यायच्या ना?

नाही, आणि इथे मोठी माणसंही चुकतात. मोहरमचा दहावा दिवस करबलात इमाम हुसेन मारले गेले त्याच्या शोकाचा. इसवी सन ६८० मधली ती घटना. सवाऱ्या आणि ढोल-ताशे पाहून मुलांना तो आनंदाचा दिवस वाटतो. गुड फ्रायडे हा येशूला क्रुसावर दिलं त्याची आठवण. या दिवशी "मुबारक" किंवा "हॅपी" म्हणायचं नसतं. सोबत उभं राहावं, सरबत दिलं तर दोन्ही हातांनी घ्यावं. जैनांच्या पर्युषणानंतर क्षमा मागायचा दिवस असतो, तेव्हा कुणी "क्षमा करा" म्हणालं तर मुलाने हसू नये. त्यानेही क्षमा मागावी.

१२. आठ वर्षांचा मुलगा एकादशी धरायची म्हणतो. शेजारच्या मित्राला रोजा धरायचाय. धरू द्यावा?

हट्ट चांगला आहे, पोट लहान आहे. इस्लाममध्ये वयात येण्याआधी रोजा बंधनकारक नाही, आजारी माणसाला आणि प्रवाशालाही सूट आहे. एकादशीही मुलांवर कुणी लादलेली नाही. अर्ध्या दिवसाचा उपवास करू द्या, किंवा "आज गोड नाही" असा. पाणी मात्र थांबवू नका, आपल्याकडचं ऊन ठाऊकच आहे. मधुमेह किंवा दुसरा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही. आणि साबुदाणा वडे, चिप्स, वेफर्स असा भरपेट उपवास करून त्याला संयम म्हणू नका. मुलं ते बघत असतात.

१३. कोजागरीला तुळजापूरला चालत जातो. मुलांना न्यावं का?

पंचेचाळीसेक किलोमीटर रात्रीतून चालणं लहान मुलांचं काम नाही. रूपाभवानीच्या देवळापर्यंत चालवा आणि परत पाठवा. पण का जातो ते सांगा: दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी श्रमनिद्रा घेते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. देवीसुद्धा दमते आणि झोपते, हे ऐकून आमच्या वर्गातल्या एका मुलीने आईला दुपारी झोपायला लावलं होतं.

१४. जत्रेत बोकड कापतात, बकरी ईदला कुर्बानी होते. ते पाहून मूल रडलं. काय बोलू?

आधी रडू द्या. "रडायचं नसतं, देवाचं आहे" म्हणून त्याला गप्प करू नका. कापताना दाखवायची मुळात गरजच नाही. मग रीत सांगा: ईदला इब्राहिमांची कथा आणि मांसाचे तीन वाटे, त्यातला एक गरिबांचा. जत्रेत नवस. ज्या घरी एरवी मटण शिजतं, तिथे मोठ्या मुलाशी हेही बोला की रविवारचं मटणही असंच येतं. तुम्ही शाकाहारी असाल तर तसं सांगा, पण फक्त त्यांचंच क्रूर असं म्हणू नका. मुलाने यापुढे मटण खायचं नाही ठरवलं, तर त्याचा निर्णय घरी मानावा.

१५. आम्ही दोघं देव मानत नाही, आजी मानते. मुलाला काय सांगायचं?

दोन्ही. "आजी मानते, आम्ही मानत नाही, तू मोठं होऊन ठरव." आजीच्या आरतीला उभं राहिल्याने तुमचा विचार मोडत नाही, आणि तुमच्या न मानण्याने आजीचा देव रागावत नाही. आजीसमोर तिची टिंगल मात्र नको. मुलाला देव मानायचा की नाही ते नंतर कळेल, आजीला कसं वागवायचं ते आत्ता कळतंय.

१६. मुलीला पाळी सुरू झाली. गौरीच्या दिवशी बाजूला बस म्हणतात. तिला काय उत्तर देऊ?

माझं मत स्पष्ट आहे: बसवू नका. पाळी ही शरीराची रीतसर क्रिया आहे, त्यात अपवित्र काही नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. ज्या गौरीला आपण माहेरवाशीण म्हणतो, तिच्या सणात घरचीच लेक कोपऱ्यात बसावी हे मला पटत नाही. सासूबाईंशी तिच्यादेखत भांडू नका, आदल्या दिवशी निवांत बोला. नाहीच ऐकलं, तर निदान तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसा.

१७. शाळेत सण साजरे करणं बरोबर आहे का?

संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. सणाची माहिती देणं वेगळं आणि उपासना करून घेणं वेगळं. दिंडी काढायची तर ज्याला विठोबा व्हायचं नाही त्याने टाळ वाजवावा, ज्याला तेही नको त्याने पाणी वाटावं.

१८. सासरे गेले, यंदा सण नाही. मुलं विचारतात, "आमची दिवाळी कुणी काढून घेतली?"

त्यांना शिक्षा झालेली नाही, हे पहिल्यांदा सांगा. "आजोबा आपल्यात नाहीत, म्हणून यंदा आपण गोंगाट करत नाही" इतकं लहान मुलाला कळतं. सण किती पाळायचा हे घरोघरी वेगळं असतं, तुमच्या घरचं तुम्ही ठरवा. पण मुलांना पूर्ण अंधारात ठेवू नका. दारात एक पणती लावू द्या, आजोबांच्या नावाची. किल्ला करायचा असेल तर करू द्या, मातीला सुतक नसतं.

अशा घरी कढई चढत नाही, म्हणून शेजारपाजारचे फराळाचे डबे येतात. ते डबे घ्यायला दारात मुलांना पाठवा. कुणाचा डबा आला ते त्यांना वहीत लिहायला सांगा, आणि डबा परत करताना रिकामा द्यायचा नसतो, म्हणून त्यात चमचाभर साखर घालायचं कामही त्यांचंच.